खडकी, दौंड आणि लेडनची बरणी

खडकीचें नांव उच्चारलें कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित माणसास ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस आठवतो. मराठी राज्याच्या अखेरच्या दिवसांतील ती लढाई आणि तिच्यानंतर अवघ्या बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर चढलेलें इंग्रजांचें निशाण, हा इतिहास आपल्या मनावर कोरला गेला आहे, आणि तो तसा असणें योग्यहि आहे. परंतु त्याच खडकीच्या चरित्रांत आणखी एक दिवस असा आहे कीं ज्याचें स्मरण सहसा कोणी करीत नाहीं. तो दिवस म्हणजे २३ जुलै १९२७. त्या दिवशीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बिनतारी संदेशवहनाचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं बादशहा पांचवे जॉर्ज यांच्याशीं शुभसंदेशांची देवघेव करून केलें. संदेश पाठविण्याचें केंद्र होतें खडकीस, आणि घेण्याचें दौंडास. योगायोग असा कीं त्याच तारखेस, त्याच व्हाइसरॉयांच्या हस्तें, मुंबईच्या नभोवाणी केंद्राचेंहि उद्घाटन झालें.

ह्या दुसऱ्या खडकीचा इतिहास सांगावयाचा तर त्याचा नायक कोणी सरदार अथवा रेसिडेंट नव्हे. धातूचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्यें विजेस वाट न देणारें थोडें द्रव्य, एवढीच त्या नायकाची काया. जुन्या पिढीनें त्यास कंडेन्सर म्हटलें, हल्लीं कपॅसिटर म्हणतात. ह्या वस्तूच्या एका स्वाभाविक धर्मानें समुद्रांतील तारांचा वेग अर्धशतकाहून अधिक काळ रोखून धरला. आणि त्याच धर्माच्या आधारानें खडकीहून संदेश हवेंत सोडतां आला. वस्तु तीच, धर्महि तोच. पालट झाला तो तिजवर येणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येंत. हा पालट कसा घडला आणि त्यापायीं कोणाचें काय गेलें व कोणास काय मिळालें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या वस्तूचा जन्म इ. स. १७४५-४६ मधला. पोमेरेनियांत क्लाइस्ट यांनीं आणि हॉलंडांतील लेडन येथें मुस्खेनब्रूक यांनीं स्वतंत्रपणें असें पाहिलें कीं कांचेच्या बरणींत वीज सांठवून ठेवतां येते व ती एकदम सोडली असतां चांगलाच झटका देते. पुढें बरणीस आंतून-बाहेरून धातूचा वर्ख लावण्यांत येऊं लागला, आणि तिला ‘लेडनची बरणी’ हें नांव पडलें. शंभर वर्षें ही बरणी प्रयोगशाळेंतील व दरबारांतील करमणुकीची वस्तु होती. तिच्यांत एक गूढ दडलेलें आहे, ह्याची जाणीव फार थोड्यांस होती.

तें गूढ असें. बरणीच्या आंतील व बाहेरील वर्खांमध्यें कांचेची भिंत आहे. तेव्हां तिच्यांतून वीज आरपार जाणें शक्य नाहीं. तरी पण विजेची दिशा वारंवार उलटसुलट केली तर बरणी जोडलेल्या तारेंत प्रवाह चालूच राहतो. हें कसें घडतें? पाण्याच्या नळांत मधोमध कातड्याचा एक पडदा ताणून बसविला आहे अशी वाचकांनीं कल्पना करावी. पाणी एकाच बाजूनें लोटीत राहिलें तर पडदा फुगेल, ताणेल, आणि पाणी थांबेल. परंतु पाणी मागें-पुढें हिसकीत राहिलें तर पडदा ताणून जाण्यापूर्वींच दिशा बदलते, आणि एक थेंबहि पलीकडे न जातां दोन्ही अंगांचें पाणी हेलकावे खात राहतें. हेलकावे जितके जलद, तितका पडद्याचा अडथळा कमी. कंडेन्सरची गोष्ट तंतोतंत अशीच आहे. एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहास तो बंद दार आहे. संथ उलटसुलट प्रवाहास तो किलकिलें दार आहे. आणि अतिशीघ्र प्रवाहास तें दार जणूं नाहींच. कंपनसंख्या दुप्पट झाली कीं अडथळा निम्मा होतो. कंडेन्सर मोठा असेल तर अडथळा त्याहि प्रमाणांत घटतो.

आतां हीच गोष्ट राजकारणांत कशी शिरली तें पाहूं. १८५७ च्या मे महिन्यांत मीरतेस उठाव झाला, त्याची वार्ता लंडनला पोंचावयास सुमारें दीड महिना लागला. साम्राज्याच्या चालकांस हा विलंब असह्य झाला. पुढल्याच वर्षीं, ऑगस्ट १८५८ मध्यें, अटलांटिक महासागरांतून पहिली तार टाकण्यांत आली, आणि तिनें केलेल्या मोजक्या कामांपैकीं एक आपल्या देशाशीं संबद्ध होतें. हिंदुस्थानांतील उठाव मोडल्यामुळें कानडांतील दोन पलटणींनीं आतां परत निघूं नये, असा हुकूम त्या तारेनें गेला व सरकारचे सुमारें पन्नास हजार पौंड वांचले. परंतु त्याच तारेनें राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पाठवावयास सोळा तासांहून अधिक वेळ खाल्ला, आणि महिन्याभरांत ती तार कायमची मुकी झाली.

ह्या रेंगाळण्याचें कारण १८५४ सालींच फॅरडे यांनीं सांगितलें होतें. समुद्रांतील तार म्हणजे तांब्याचा गाभा, त्यावर गटापर्च्याचें वेष्टण, आणि बाहेर खारें पाणी. दोन वाहक व मध्यें एक अवाहक: ही तर लेडनची बरणीच झाली! फरक इतकाच कीं ही बरणी शेंकडों मैल लांब. साधारणतः त्या काळच्या केबलीस दर समुद्री मैलामागें एक तृतीयांश मायक्रोफॅरड एवढी धारकता असे. हाताच्या लेडनच्या बरणीची धारकता मायक्रोफॅरडच्या हजाराव्या भागाच्या आसपास. मुंबईहून एडनपर्यंतची केबल सोळाशें समुद्री मैलांहून लांब. म्हणजे पांच लक्षांहून अधिक बरण्या एकापुढें एक मांडाव्या तसा हा प्रकार होता.

पुणेंकरांस ही अडचण कात्रजच्या पाण्यावरून सहज समजेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत पाण्याचा नळ आणला गेला, आणि ठिकठिकाणीं हौद बांधले गेले. कात्रजला कोणी घागरभर पाणी एकदम ओतलें, तर शनिवारवाड्याच्या हौदांत घागरभर पाणी एकदम उसळणार नाहीं. वाटेंतला प्रत्येक हौद थोडा थोडा भरेल, मग पुढें देईल, आणि अखेरच्या हौदाची पातळी हळुहळू चढून हळुहळू उतरेल. कात्रजला ओतणारानें घाई करून दुसरी घागर, तिसरी घागर ओतली, तर अखेरीस असलेल्या माणसास घागरी मोजतां येणार नाहींत. सर्व मिळून एकच फुगवटा दिसेल. केबलींतील टिंबें आणि रेघा अशाच एकमेकींत मिसळून जात. विल्यम थॉमसन यांनीं, म्हणजे पुढील काळच्या लॉर्ड केल्व्हिन यांनीं, ह्याचें गणित मांडलें. त्यावरून असें निघालें कीं केबलीची लांबी दुप्पट केली कीं विलंब चौपट होतो.

ह्या गणितावर सर्वांचा विश्वास बसला नाहीं. अटलांटिक कंपनीचे विद्युत्‌तज्ज्ञ व्हाइटहाउस हे पेशानें शल्यवैद्य होते. थॉमसन यांचा नियम त्यांस मान्य नव्हता. संदेश लवकर जात नाहीं तर विजेचा दाब वाढवा, असा त्यांचा उपाय. त्यांनीं सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब दिला असें सांगतात, आणि आधींच सदोष असलेलें वेष्टण त्याखालीं दगावलें. थॉमसन यांचा मार्ग उलट होता: दाब कमी ठेवावा, आणि आलेला क्षीण प्रवाह ओळखणारें नाजूक यंत्र करावें. एका बारीक आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यानें संदेश वाचण्याची त्यांची युक्ति पुढें जगभरच्या केबल-कचेऱ्यांत रूढ झाली. बळानें जें साधलें नाहीं तें निसर्गाचा नियम मान्य करून साधलें.

हिंदुस्थानाकडे येणाऱ्या तारेचें भाग्यहि आरंभीं खडतरच होतें. १८५९-६० मध्यें सुएझहून एडनमार्गें कराचीपर्यंत केबल टाकण्यांत आली. आठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर पन्नास वर्षें साडेचार टक्के व्याजाची हमी सरकारनें दिली होती. ही केबल सदोष मांडणीमुळें व समुद्रतळाच्या उपद्रवानें अल्पावधींतच निकामी झाली. हमी मात्र निकामी झाली नाहीं! एकहि संदेश न नेणाऱ्या तारेपायीं खजिन्यांतून व्याज जात राहिलें. पुढें १८६४ मध्यें इराणच्या आखातांतून तार आली, परंतु तिचे संदेश तुर्की मुलखांतून जातां जातां वाटेंत खोळंबत व विद्रूप होत. अखेर १८७० च्या फेब्रुवारींत ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या अजस्र जहाजानें मुंबईहून एडनकडे केबल सोडली, आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें मुंबई व लंडन यांचें समुद्रांतून बोलणें सुरू झालें. पुण्याच्या वर्तमानपत्रांतून ‘रूटरच्या तारा’ ह्या मथळ्याखालीं जें जग दिसूं लागलें, तें ह्या गटापर्च्याच्या लांबलचक बरणींतून गाळून आलेलें जग होतें.

ह्या ठिकाणीं एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. केबलीच्या दुखण्यावर जें औषध सांपडलें तेंहि कंडेन्सरच होतें. १८६२ मध्यें व्हार्ली यांनीं केबलीच्या टोंकाशीं कंडेन्सर जोडण्याची युक्ति काढली. प्रत्येक संदेशखुणेचा आरंभ तीव्र असतो आणि शेपूट लांब व संथ असतें. हें शेपूटच पुढल्या खुणेंत मिसळून घोटाळा करी. टोंकाशीं असलेल्या कंडेन्सरनें तीव्र आरंभास वाट दिली व संथ शेपटास, तसेंच पृथ्वींतून येणाऱ्या उनाड प्रवाहांस, अडविलें. म्हणजे केबलीस आडवा पसरलेला कंडेन्सर जलद लहरी गिळून टाकीत असे, आणि केबलीच्या ओळींत उभा केलेला कंडेन्सर त्यांनाच तेवढें जाऊं देत असे. एकच धर्म, पण जागा बदलली कीं वैरी तो वैद्य झाला. इतकें करूनहि लांब केबलीस सेकंदास फार तर आठदहा स्पंदनें झेपत. मानवी वाणी ओळखूं येण्यास सेकंदास तीनशेंपासून तीन हजारांपर्यंत कंपनें पोंचवावीं लागतात. तेव्हां अशा केबलींतून मुंबईच्या माणसाचा आवाज लंडनला जाणें हें केवळ अशक्य होतें.

आतां खडकीकडे वळूं. बिनतारी विद्येंत मार्कोनी व त्यांचे सहकारी प्रथम फार लांब लहरींच्या मागें होते. मोठें अंतर म्हणजे मोठी लहर, मोठे मनोरे व मोठी शक्ति, असा तेव्हांचा सर्वसाधारण समज होता. १९२३-२४ च्या सुमारास मार्कोनी व फ्रँक्लिन यांच्या प्रयोगांनीं तो समज उलटविला. शंभर मीटरांच्या आंतील आंखूड लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून परतून हजारों मैल जातात, आणि तारांची योग्य मांडणी केली तर त्या एखाद्या कंदिलाच्या झोताप्रमाणें एकाच दिशेस पाठवितां येतात, असें दिसून आलें. ह्यावरून ह्या पद्धतीस ‘बीम’ म्हणजे झोताची पद्धत हें नांव मिळालें. ब्रिटिश सरकारशीं झालेल्या करारांत मिनिटास शंभर शब्दांची अट होती. खडकी-दौंडच्या मार्गावर दिवसा सुमारें सोळा मीटर व रात्रीं सुमारें चौतीस मीटर लांबीची लहर वापरीत. कारण वरच्या थराची स्थिति सूर्याबरोबर पालटते, व दिवसास जी लहर मानवते ती रात्रीस मानवत नाहीं. पाठविण्याचें केंद्र खडकीस आणि घेण्याचें पाऊणशें किलोमीटर दूर दौंडास ठेवण्याचें कारणहि सरळ आहे. नगाऱ्याशेजारीं बसून दूरची कुजबुज ऐकतां येत नाहीं.

सोळा मीटरांची लहर म्हणजे सेकंदास सुमारें १ कोटि ८७ लक्ष कंपनें. केबलींतील आठदहा स्पंदनांशीं ह्याची तुलना केली म्हणजे किती मोठी उडी मारली गेली तें ध्यानांत येईल. येथें कंडेन्सरचें वर्तन आकड्यांनींच पाहणें बरें. अभ्रकाचा एक लहानसा कंडेन्सर घ्या, १०० पिकोफॅरडचा. म्हणजे एका मायक्रोफॅरडचा दहा हजारावा भाग. घरांतील दिव्यांचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो. त्या प्रवाहास ह्या चिमुकल्या वस्तूचा अडथळा सुमारें ३ कोटि १८ लक्ष ओम होतो. म्हणजे दार बंदच. पुण्याच्या आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीस तोच अडथळा सुमारें २,००० ओम होतो. आणि खडकीच्या सोळा मीटरांच्या लहरीस केवळ ८५ ओम! जी वस्तु घरगुती विजेस दुर्लंघ्य तट वाटते, तीच खडकीच्या लहरीस मोकळी वेस वाटते.

नुसती वेस असून भागत नाहीं. हव्या त्या पाहुण्यासच आंत घेणारा द्वारपालहि हवा. तें काम कंडेन्सर व तारेचें वेटोळें हीं दोघें मिळून करतात. वेटोळ्याचा स्वभाव कंडेन्सरच्या नेमका उलट: कंपनसंख्या वाढली कीं त्याचा अडथळा वाढतो. एकाचा अडथळा उतरता, दुसऱ्याचा चढता. अर्थात् कोठें तरी एका कंपनसंख्येस दोन्ही समान होतात, व विरुद्ध दिशेचे असल्यामुळें परस्परांस नाहींसे करतात. त्या एका लहरीस वाट मिळते, बाकीच्यांस मिळत नाहीं. दौंडच्या ग्रहणयंत्रांत इंग्लंडची लहर निवडली गेली ती ह्याच न्यायानें.

ह्या कथेला एक पोटकथा आहे. कागदावरील कंडेन्सर आणि हातांतील कंडेन्सर हे एक नव्हेत. हातांतल्या कंडेन्सरला जोडतारा असतात, आणि सरळ तारेंतहि वेटोळ्याचा थोडा गुण असतोच; एका सेंटिमीटरास सुमारें आठदहा नॅनोहेन्री. खालच्या कंपनसंख्येस हा गुण नगण्य. परंतु आमचा तोच १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर एक सेंटिमीटर तारेसह घेतला, तर सेकंदास सोळासतरा कोटि कंपनांच्या आसपास त्या तारेचा गुण कंडेन्सरच्या गुणाशीं बरोबरी करतो, आणि त्यापुढें ती वस्तु नांवानें कंडेन्सर असली तरी वागणुकीनें वेटोळें होते. शिवाय मधलें अवाहक द्रव्यहि थोडी शक्ति खातें व तापतें. कागद अधिक खातो, अभ्रक थोडी, हवा जवळजवळ नाहींच. म्हणून आंखूड लहरींच्या कामांत अभ्रकाचे व हवेचे कंडेन्सर आणि शक्य तितक्या तोकड्या तारा वापराव्या लागतात.

खडकीच्या यशाचा परिणाम विज्ञानापुरता राहिला नाहीं. बीम-पद्धतीचा खर्च कमी व वेग अधिक. त्यामुळें केबल-कंपन्यांचें गिऱ्हाईक झपाट्यानें तुटूं लागलें. तथापि बिनतारी संदेश हवेंतून कोणासहि ऐकतां येतो, केबल मात्र गुपित राखते. म्हणून लढाईच्या दृष्टीनें केबली बुडूं देणें साम्राज्यास परवडणारें नव्हतें. १९२८ मध्यें लंडनला परिषद भरली, आणि १९२९ मध्यें दोन्ही धंदे एका कंपनीखालीं आणले गेले. आपल्याकडे १९३२ मध्यें त्याच धर्तीवर ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ ही कंपनी झाली. स्पर्धेनें स्वस्त होऊं पाहणारें बोलणें पुन्हां एका हातीं गेलें. खडकीचे मनोरे महाराष्ट्राच्या भूमीवर उभे होते, पण त्यांवरून काय व किती दरानें बोलावें हें ठरविणारे दूर होते. १ जानेवारी १९४७ रोजीं सरकारनें हें काम आपल्याकडे घेतलें व त्यांतून समुद्रपार दळणवळणाचें सरकारी खातें निर्माण झालें. स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधीं देशास परदेशाशीं बोलण्याचें आपलें स्वतःचें साधन लाभलें, ही गोष्ट राजकीय इतिहासकारांनीं अधिक ठळकपणें नोंदवावयास हवी होती. दरम्यान १९३३ मध्यें हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें बिनतारी टेलिफोन सुरू झाला होता. केबलीस जें अशक्य होतें तें आंखूड लहरींनीं करून दाखविलें. अटलांटिक महासागरांतून वाणी नेणारी केबल त्यानंतर तेवीस वर्षांनीं, १९५६ मध्यें आली. आणि तिलाहि वाटेंत ठिकठिकाणीं प्रवाह बळकट करणारीं यंत्रें बसवावीं लागलीं.

पुण्याच्या घराघरांत मात्र ह्या विद्येचा प्रवेश झाला तो २ ऑक्टोबर १९५३ रोजीं आकाशवाणीचें पुणें केंद्र सुरू झाल्यावर. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून माडगूळकर-फडके यांचें ‘गीतरामायण’ त्या केंद्रावरून सुरू झालें, आणि वर्षभर छप्पन्न गीतें होईतों घरोघर लोक रेडिओसमोर बसत. केंद्र लावण्यासाठीं वडीलधारी मंडळी जी खुंटी फिरवीत, तिच्यामागें अर्धवर्तुळाकार पत्र्यांचा एक पंखा दुसऱ्या पंख्यांत शिरत असे. तो हवेचा कंडेन्सरच होता. पत्रे अधिक गुंतले कीं धारकता वाढे व काटा खालच्या कंपनसंख्येकडे जाई.

पुढील काळांत पुणें जिल्ह्यांतच, जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें, १९७१ मध्यें उपग्रहाशीं बोलणारें भूकेंद्र उभें राहिलें, आणि आंखूड लहरींचें महत्त्व ओसरलें. आज मुंबईच्या किनाऱ्यावर पुन्हां केबलीच उतरतात. पण त्या कांचतंतूंच्या आहेत. त्यांतून वीज नव्हे, प्रकाश धांवतो, आणि लेडनच्या बरणीचा जुना जाच त्या प्रकाशास बाधत नाहीं. ज्या कांचेनें त्या बरणींत विजेची वाट अडविली, तीच कांच आतां संदेशाची वाट झाली आहे.

परंतु बरणीनें आपला हक्क सोडलेला नाहीं. हिंजवडीच्या कचेऱ्यांतील संगणकांत नखाएवढ्या चिपा असतात, आणि त्या प्रत्येकींत केंसाहून किती तरी बारीक अशा तारांचें जाळें असतें. शेजारशेजारच्या दोन तारा म्हणजे पुन्हां दोन वाहक व मध्यें अवाहक. आज संगणकाचा वेग जीं कारणें मर्यादित करतात, त्यांपैकीं ह्या तारांची धारकता हें एक मोठें कारण आहे. आणि तेथेंहि तारेची लांबी दुप्पट केली कीं विलंब चौपट होतो. थॉमसन यांनीं हजारों मैलांच्या केबलीसाठीं मांडलेलें गणित मिलिमीटरभर तारेस जसेंच्या तसें लागू पडतें. त्यावर आजचे कारागीर उपाय करतात तोहि जुनाच: लांब तार तोडून तिचे तुकडे करावयाचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटीं संदेशास नवें बळ द्यावयाचें.